संगणकांच्या जाळ्याची हजेरी

शाळेची घंटा झाली कीं वर्गांत पहिलें काम हजेरीचें. शिक्षक नांवें उच्चारितात, मुलें 'हजर' म्हणतात आणि पटावर खूण होते. या साध्या विधींत तीन गोष्टी गुंतलेल्या आहेत. त्यांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. पटावर नांव आहे पण मुलगा आलेला नाहीं, ही एक. मुलगा बाकावर बसला आहे पण पटावर त्याचें नांवच नाहीं, ही दुसरी. आणि मुलगा भलताच असून दुसऱ्याच्या नांवाला 'हजर' म्हणतो, ही तिसरी. वर्गांत उजेड असतो व शिक्षकाला डोळे असतात, म्हणून या तिन्ही गोष्टींचा उलगडा तेथल्या तेथें होतो. परंतु वर्गांत मिट्ट काळोख असेल, बाक अडीचशें असतील आणि त्यांपैकीं कोणत्या बाकावर कोण बसलें आहे हें ठाऊक नसेल, तर हजेरी कशी घ्यावी? संगणकांचें जाळें म्हणजे असाच काळोखांतला वर्ग होय. त्याची हजेरी कशी घेतात, व ती कां घ्यावी लागते, हें आज विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावयाचें आहे.

पालकांस हा विषय परका वाटेल. पण सावेडींत काय, भिंगारांत काय, किंवा पारनेर-शेवगांवकडील एखाद्या खेड्यांत काय, ज्या घरीं वायफायची पेटी आली आहे त्या घरीं एक प्रश्न विचारून पाहावा : या पेटीला आज किती यंत्रें जोडलेलीं आहेत? बहुतेक ठिकाणीं उत्तर मिळतें, 'दोन मोबाईल.' मोजूं गेलें म्हणजे दिवाणखान्यांतील दूरदर्शन-संच निघतो, फाटकावरचा कॅमेरा निघतो, थोरल्या मुलाचा कपाटांत टाकलेला जुना फोन निघतो, आणि बहिणीच्या लग्नांत ज्या शेजाऱ्यांना परवलीचा शब्द सांगितला होता तेही अजून जोडलेले निघतात. घरांत किती भांडीं आहेत हें गृहिणीला अचूक सांगतां येतें. किती यंत्रें आहेत हें मात्र घरांतील कोणालाच सांगतां येत नाहीं.

हांक मारावयाची तर आधीं पत्ता हवा. टपालाच्या पिनकोडाची पद्धति आपल्या देशांत १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. ४१४००१ या आपल्या नगरच्या क्रमांकांत पहिला ४ हा देशाचा पश्चिम विभाग दाखवितो, पहिले तीन आंकडे मिळून टपालाचा जिल्हा दाखवितात आणि शेवटचे तीन आंकडे कचेरी दाखवितात. जाळ्यांतील यंत्राचा पत्ता याच धर्तीचा असतो. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१७. यांत चार संख्या आहेत व प्रत्येक संख्या ० ते २५५ च्या दरम्यान असते. सामान्य घरगुती जाळ्यांत पहिल्या तीन संख्या सर्व यंत्रांना सारख्याच असतात. तें झालें आळीचें नांव. शेवटची संख्या घराची. या शेवटच्या जागीं २५६ संख्या बसूं शकतात. त्यांपैकीं ० हें आळीचें स्वतःचें नांव आणि २५५ ही सर्व आळीला एकदम मारावयाची हांक, म्हणून त्या दोन वगळल्या कीं २५४ घरें उरतात. १९२.१६८ नें सुरू होणारे पत्ते खाजगी जाळ्यांसाठीं राखून ठेविलेले आहेत. त्यामुळें प्रत्येक शहरांत जसा एक महात्मा गांधी रस्ता असतो आणि त्यानें टपालवाल्याचा घोटाळा होत नाहीं, तसेच हेच पत्ते लक्षावधि घरांत नांदतात व कोणाचें कांहीं अडत नाहीं.

हा पत्ता भाड्याच्या खोलीसारखा आहे. यंत्र जाळ्यांत शिरलें कीं पेटी त्याला एक मोकळा क्रमांक देते आणि मुदत संपली कीं तो परतही घेते. परंतु प्रत्येक यंत्राला कारखान्यांतच मिळालेलें एक जन्मनांवही असतें. शून्य आणि एक अशा ४८ खुणांचें तें बनलेलें असून पहिल्या २४ खुणा कारखानदार कोण हें सांगतात. त्या कारखानदारांस वांटून देण्याचें काम अमेरिकेंतील आय.ई.ई.ई. ही संस्था करते. संगमनेरकर किंवा बेलापूरकर म्हटल्याबरोबर घराण्याचें मूळ गांव कळावें, तसें या जन्मनांवाच्या पहिल्या अर्ध्यावरून हें यंत्र कॅमेरे करणाऱ्याचें कीं छपाईयंत्रें करणाऱ्याचें, याचा अदमास लागतो. हजेरी घेणाराला ही गोष्ट फार उपयोगी पडते.

आतां सर्वांत भरंवशाची रीत पाहूं. पूर्वीं खेड्यांत कोणाचा तपास करावयाचा असला म्हणजे दवंडी पिटीत. जाळ्यांत हेंच चालतें. पेटीला १७ क्रमांकाच्या घरीं कांहीं पोंचवावयाचें असलें म्हणजे ती साऱ्या आळींत ओरडून विचारते, '१७ क्रमांकाचा पत्ता कोणाचा? त्यानें आपलें जन्मनांव कळवावें.' हांक सर्वांच्या कानीं पडते, पण ज्याचा तो पत्ता तेवढेंच यंत्र उत्तर देतें. बाकीचीं गप्प राहतात. या व्यवहाराचे नियम डेव्हिड प्लमर यांनीं १९८२ सालीं लिहिले. त्यांस एआरपी म्हणतात. हजेरी घेणारानें इतकेंच करावयाचें कीं १ पासून २५४ पर्यंत प्रत्येक क्रमांकासाठीं अशी दवंडी द्यावयाची आणि कोण ओ देतो तें टिपून घ्यावयाचें. सारें काम कांहीं सेकंदांत आटोपतें. या रीतीचें बळ असें कीं तिला उत्तर दिल्यावांचून यंत्राला सहसा गत्यंतरच नसतें. जें आपलें जन्मनांव सांगणार नाहीं त्याच्या हातीं कोणाचा निरोपही पडणार नाहीं. मान खालीं घालून बसणारा मुलगा खाऊ वांटूं लागतांच हात पुढें करतो, तसेंच हें. मर्यादा एकच, आणि ती मोठी आहे : दवंडी गांवकुसाबाहेर ऐकूं जात नाहीं. शेजारच्या जाळ्यांतील यंत्रांची हजेरी या रीतीनें घेतां येत नाहीं.

गांवकुसाबाहेरच्यासाठीं दुसरी रीत आहे व तिचा इतिहास मनोरंजक आहे. जाळ्यांचे मूळ नियम ज्यांनीं संपादिले त्या जॉन पोस्टेल यांच्या १९८१ च्या एका नियमपत्रांत 'प्रतिध्वनि' नांवाची सोय होती : ज्या यंत्राला हा निरोप मिळेल त्यानें तो जसाच्या तसा परत धाडावा. पुढें १९८३ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या मेरीलँड प्रांतांतील सैन्याच्या एका प्रयोगशाळेंत माइक म्यूस नांवाचे गृहस्थ काम करीत असतां तेथील जाळें विचित्र वागूं लागलें. दोष कोठें आहे हें शोधण्यासाठीं त्यांनीं एका संध्याकाळीं बसून सुमारें एक हजार ओळींची एक आज्ञावलि लिहिली. ती समोरच्या यंत्राकडे प्रतिध्वनीचा निरोप धाडी आणि तो परत येण्यास किती वेळ लागला तें मोजून दाखवी. पाणबुडीचा शोध घेणारें यंत्र समुद्रांत जो नाद सोडतें त्यावरून त्यांनीं आपल्या कृतीचें नांव 'पिंग' असें ठेविलें. विहिरींत डोकावून 'कूऽऽ' करणाऱ्या मुलाला यांतलें तत्त्व निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

म्यूस यांनीं या पिंगविषयीं एक हकीकत लिहून ठेविली आहे. एका माणसाच्या जाळ्यांतील जोड मधून मधून निसटत असे, पण कोणता तें सांपडेना. त्यानें अशी युक्ति केली कीं प्रत्येक उत्तर परत आलें म्हणजे संगणकानें मोठ्यानें 'पिंग' असा शब्द उच्चारावा. मग ध्वनिवर्धक पूर्ण आवाजांत लावून तो इमारतभर फिरला आणि एकेक जोड हलवीत गेला. ज्या जोडाला हात लावतांच आवाज खंडला तोच सैल. मला या हकीकतींतील माणसाविषयीं फार आदर वाटतो. त्यानें महाग उपकरण मागविलें नाहीं, कानांचा उपयोग केला.

तथापि पिंगवर सर्वस्वीं विसंबून चालत नाहीं. प्रतिध्वनीचा नियम लिहिला गेला त्या काळीं जाळ्यांत असणारे सर्वजण एकमेकांस ओळखीत. पुढें चोर-चिलटें शिरलीं, तेव्हां पुष्कळ यंत्रांना शिकविण्यांत आलें कीं अनोळखी हांकेला ओ देऊं नये. आजचे कित्येक संगणक पिंगला मुळींच उत्तर देत नाहींत, आणि तरीही ते जागे असतात, काम करीत असतात. निरुत्तर म्हणजे गैरहजर असें धरून चालणारा शोधक येथें फसतो. म्हणून तिसरी रीत : दारें ठोठावून पाहणें. प्रत्येक यंत्राला ६५,५३५ दारें कल्पिलेलीं आहेत आणि कांहीं दारांचे उपयोग ठरून गेले आहेत. ८० व ४४३ या दारांनीं संकेतस्थळांचीं पानें येतात-जातात, ९१०० या दारीं बहुधा छपाईयंत्र बसलेलें असतें, ५५४ वर कॅमेऱ्याचीं चित्रें मिळतात. दार उघडण्याचा शिष्टाचार तीन पायऱ्यांचा आहे. पाहुणा म्हणतो, 'येऊं का?' यजमान म्हणतो, 'या, आणि मीही बोलूं का?' पाहुणा म्हणतो, 'बोला.' मग व्यवहार सुरू होतो. शोधक पहिलाच शब्द बोलतो आणि काय होतें तें पाहतो. 'या' असें उत्तर आलें तर दार उघडें आहे. 'येथें कांहीं नाहीं, परत जा' असें आलें तर दार बंद आहे, पण घरांत माणूस आहे! सावकार दारांत येतांच आंतूनच 'घरांत कोणी नाहीं हो' असें ओरडणाऱ्या ऋणकोची गोष्ट सर्वांनीं ऐकली आहे. तिच्यांतला न्याय येथें तंतोतंत लागू पडतो. कांहींच उत्तर न आल्यास मात्र घर रिकामें आहे, किंवा दारावर असा पहारेकरी आहे कीं तो निरोप आंत जाऊंच देत नाहीं. या दोहोंतील कोणतें खरें हें पुढील तपासानें ठरवावें लागतें.

या सर्व रीती एकत्र करणारें 'एनमॅप' नांवाचें साधन गॉर्डन लायन यांनीं 'फ्योदोर' या टोपणनांवानें १९९७ च्या सप्टेंबरांत एका नियतकालिकांतून प्रसिद्ध केलें. तें विनामूल्य असून आजही जगभर वापरांत आहे. त्यांतील कौशल्य हें कीं तें जागा पाहून रीत निवडतें. शोध आपल्याच आळींत असेल तर तें सरळ दवंडी देतें. पलीकडचा असेल तर प्रतिध्वनि मागतें व एक-दोन दारेंही ठोठावून पाहतें.

या वर्षीं नववीच्या मुलांसमवेत, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन, शाळेच्या जाळ्यावर हा प्रयोग केला. आधीं मुलांकडून जडसंग्रहाच्या नोंदवहींतून, जिला आपण सर्व डेडस्टॉक म्हणतों, यादी उतरवून घेतली : संगणक २४, छपाईयंत्र १, राउटर पेटी १, एकूण २६. मग हजेरी घेतली. उत्तरें आलीं २८. मुलें आनंदलीं कीं दोनच जास्त आहेत. तेव्हां फळ्यावर दोन्ही याद्या समोरासमोर मांडून एकेक नांव खोडावयास सांगितलें, आणि निराळाच हिशेब निघाला. नोंदवहींतील दोन संगणकांनीं ओ दिलीच नव्हती. पैकीं एकाची तार उंदरानें कुरतडलेली होती व दुसरा बंदच होता. म्हणजे पटावरचीं हजर २४ आणि पटाबाहेरचीं ४. नुसती बेरीज करणाराला दोनच अनोळखी दिसतात, नांवें ताडून पाहणाराला चार दिसतात. गणिताच्या तासाला मीं हें शंभर वेळां सांगितलें असतें तरी मुलांना इतकें पटलें नसतें.

त्या चौघांचा शोध हाच खरा धडा झाला. जन्मनांवाच्या पहिल्या अर्ध्यावरून एक यंत्र कॅमेऱ्यांच्या कारखान्याचें निघालें. व्हरांड्यांतील चार कॅमेऱ्यांचीं चित्रें सांठविणारी ती पेटी होती. दुसरें निघालें कचेरीच्या दाराशीं लावलेलें आंगठ्याच्या ठशाचें यंत्र. जें यंत्र रोज शिक्षकांची हजेरी मांडतें त्याचीच हजेरी कोठें मांडलेली नव्हती. मुलांना याचा किती आनंद झाला हें सांगावयास नको. तिसरा माझ्या खिशांतील मोबाईल. चौथ्याचें जन्मनांव मात्र कोणत्याच कारखान्याशीं जुळेना. वर्गांत कुजबुज सुरू झाली, 'चोर, चोर!' वास्तविक गोष्ट अशी कीं अलीकडचे मोबाईल, विशेषतः २०१९-२० नंतरचे, प्रत्येक जाळ्यांत शिरतांना एक बनावट जन्मनांव धारण करतात. दुकानादुकानांतून फिरणाऱ्या माणसाचा माग त्याच्या फोनावरून कोणीं काढूं नये, हा त्यांतील हेतु, आणि तो चांगला आहे. फक्त हजेरी घेणाराची त्यामुळें पंचाईत होते. हा फोन ग्रंथपालबाईंचा निघाला.

कॅमेऱ्यांच्या पेटीकडे पुनः वळूं. तिचें दार उघडें होतें, आणि मुख्याध्यापकांच्या समक्ष पाहतां तिचा परवलीचा शब्द कारखान्यांतून आला तोच होता. बसविणारा कारागीर तो बदलण्याची तसदी घेत नाहीं व विकत घेणाराला तो बदलावयाचा असतो हेंच ठाऊक नसतें. ही गोष्ट बारीक वाटते. परंतु २०१६ सालीं अमेरिकेंतील तीन तरुणांनीं 'मिराई' नांवाची एक आज्ञावलि रचली. ती आपण होऊन जगभरच्या पत्त्यांवर एकेक दार ठोठावीत जाई आणि उघडें दार मिळालें कीं कारखान्यांतील साठ-एक परवलीच्या शब्दांच्या जोड्यांतून कांहीं लावून पाही. याखेरीज दुसरी विद्या तिच्याजवळ नव्हती. एवढ्या भांडवलावर लक्षावधि कॅमेरे व राउटर पेट्या तिच्या ताब्यांत गेल्या, आणि त्याच आज्ञावलीनें अंकित केलेल्या यंत्रांनीं २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं 'डिन' या अमेरिकन कंपनीवर एकदम निरोपांचा असा मारा केला कीं अनेक प्रसिद्ध संकेतस्थळें कित्येक तास बंद पडलीं. ज्यांच्या घरचे कॅमेरे या माऱ्यांत सामील होते त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती.

सांगण्याचा मुद्दा हा कीं हजेरी घेण्याची कला चोरालाही येते, आणि पुष्कळदां ती घरधन्याहून त्याला चांगली येते. याचें एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच घडलें आहे. २७ जून २०१७ रोजीं युक्रेन देशांत हिशेबाच्या एका संगणकीय साधनांतून 'नॉटपेट्या' नांवाचा उपद्रव बाहेर पडला. तो एका संगणकांत शिरला कीं प्रथम आजूबाजूला कोण कोण जागें आहे याची यादी करी. ज्यांच्याशीं त्या संगणकाची नुकतीच बोलणीं झालीं होतीं त्यांचे पत्ते तो उचली, आळींतील इतर पत्तेही चांचपी, आणि मग एकामागून एक सर्वांत शिरून त्यांतील माहिती कायमची निकामी करी. मर्स्क ही डेन्मार्कची जहाज-कंपनी त्यांत सांपडली. दख्खनचा कांदा व द्राक्षें ज्या न्हावा-शेवा बंदरांतून परदेशीं जातात, तेथील एक धक्का या कंपनीच्याच एका शाखेकडून चालविला जात असे. त्या धक्क्याचें काम थांबलें. मालाच्या पेट्या कोणत्या व कोठें ठेवावयाच्या हें सांगणारी यंत्रणाच मुकी झाली. पुढें कंपनीच्या अध्यक्षांनीं जाहीरपणें सांगितलें कीं त्यांना दहा दिवसांत चार हजार मोठे संगणक व पंचेचाळीस हजार साधे संगणक नव्यानें उभे करावे लागले. युक्रेनमध्यें शिरलेला उपद्रव उरणजवळच्या खाडीपर्यंत पोंचला तो कोणत्याही दरवानाशीं न झगडतां, केवळ शेजाऱ्यांच्या याद्या वाचीत वाचीत.

दुसरें उदाहरण पुण्याचें, आणि तें आरंभीं सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारांत बसतें. कॉसमॉस बँक ही १९०६ सालीं स्थापन झालेली जुनी सहकारी बँक. आपण एटीएमपुढें उभे राहून कार्ड घालतों तेव्हां 'या खात्यावर इतकी रक्कम आहे काय?' अशी विचारणा बँकेच्या एका यंत्रणेकडे जाते. तिला स्विच म्हणतात. ती 'आहे, द्या' म्हणाली तरच नोटा बाहेर येतात. ऑगस्ट २०१८ मध्यें चोरांनीं या बँकेच्या खऱ्या स्विचाला बगल देऊन एक बनावट स्विच उभा केला. विचारणा येई, आणि खऱ्याच्या जागीं हा बनावट 'द्या' म्हणे. ११ ऑगस्ट रोजीं, शनिवारीं, कांहीं तासांच्या आंत अठ्ठावीस देशांतील एटीएममधून सुमारें ७८ कोटि रुपये आणि भारतांतून सुमारें अडीच कोटि रुपये काढले गेले. भारतांतील कांहीं रक्कम कोल्हापुरांतूनही निघाली. १३ ऑगस्टला आणखी १३.९२ कोटि रुपये हाँगकाँगच्या एका खात्यांत पाठविले गेले. एकूण ९४.४२ कोटि. एप्रिल २०२३ मध्यें पुण्याच्या न्यायालयानें या प्रकरणीं अकरा जणांस दोषी ठरविलें. या बनावट स्विचाला वर्तमानपत्रांनीं 'प्रॉक्सी स्विच' म्हटलें. कॉलेजांत मित्राच्या नांवाला 'हजर' म्हणणें यालाही विद्यार्थी प्रॉक्सीच म्हणतात. शब्द एक, प्रकारही एक, फक्त परिणामांत फरक.

एवढ्यावरून नुसती जाळ्याची हजेरी घेतली असती तर ही चोरी टळली असती असें म्हणणें धाडसाचें होईल. हजेरी 'कोणी तरी उत्तर देत आहे' इतकेंच सांगते. उत्तर देणारा तोच आहे काय, हें ती सांगत नाहीं. दवंडीच्या रीतीलाही हाच दोष आहे. '१७ क्रमांक कोणाचा?' म्हणून विचारलें असतां भलतेंच यंत्र 'माझा' म्हणून पुढें येऊं शकतें, आणि एआरपीच्या मूळ नियमांत त्याची शहानिशा करण्याची सोय नाहीं. म्हणून जेथें पैशाचा किंवा जिवाचा संबंध आहे तेथें हजेरीच्या जोडीला ओळखपत्र लागतें. परवलीचे शब्द व गुप्त स्वाक्षऱ्या हें त्याचें रूप होय. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

विद्यार्थ्यांपैकीं कांहींच्या मनांत एव्हांना आलें असेल कीं हें साधन मिळवून शेजारच्या दुकानाच्या, कॉलेजाच्या किंवा बँकेच्या जाळ्यावर चालवून पाहावें. तें करूं नये. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याच्या ४३ व्या कलमांत मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवांचून त्याच्या संगणकांत वा जाळ्यांत प्रवेश करणें आक्षेपार्ह ठरविलें आहे. आणि तेंच लबाडीनें केलें तर ६६ व्या कलमान्वयें तीन वर्षांपर्यंत कैद, पांच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. दार ठोठावणें आणि आंत शिरणें यांत अंतर आहे हें खरें, पण रात्रीं बारा वाजतां साऱ्या आळींतील कड्या वाजवीत फिरणाऱ्या मुलाला आपण कोणता न्याय लावूं? शिवाय जुनीं यंत्रें फार नाजूक असतात. कांहीं ठोठावल्यानेंच बंद पडतात. कांहीं छपाईयंत्रें तर त्या निरोपालाच मजकूर समजून निरर्थक अक्षरांचे कागदांमागून कागद छापूं लागतात. आमच्या प्रयोगांत छपाईयंत्राचें दार म्हणूनच वगळलें होतें.

आपल्या घरचें जाळें मात्र आपलें आहे. सुट्टींत वडिलांची अनुज्ञा घेऊन त्याची एक वही करावी. राउटर पेटीच्या तळाशीं तिचा पत्ता व परवलीचा शब्द छापलेला असतो. त्यानें तिचें पान उघडलें कीं जोडलेल्या यंत्रांची यादी दिसते. प्रथम यादी न पाहतां घरांतील यंत्रें आठवून वहींत लिहावीं, मग यादी ताडावी. जें ओळखूं येत नाहीं त्यासाठीं सोपा उपाय असा : घरांतील एकेक यंत्र बंद करावें, थोडा वेळ थांबावें आणि यादींतून कोणतें नांव गळालें तें पाहावें. सर्व बंद केल्यावरही एखादें नांव उरलें तर पेटीचा परवलीचा शब्द बदलावा. मोबाईलच्या खोक्यावर छापलेलें जन्मनांव यादींतल्याशीं जुळलें नाहीं तर घाबरूं नये. त्याचें कारण वर आलेंच आहे.

शेवटीं गणिताची आवड असणारांसाठीं एक हिशेब. वर सांगितलेल्या चार संख्यांच्या पत्त्यांत साऱ्या जगाला मिळून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते पुरवितां येतात. हें आंकडे पाहून छाती दडपते, पण २०१३ सालीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनीं 'झेडमॅप' नांवाचें साधन करून दाखविलें, तें एका संगणकावरून यांतील सर्व जाहीर पत्त्यांवर एकेक टकटक पंचेचाळीस मिनिटांच्या आंत करूं शकत होतें. म्हणजे जगाची हजेरी आपल्या एका तासिकेच्या वेळांत. परंतु हे पत्ते अपुरे पडूं लागल्यामुळें नवी पत्ता-पद्धति निघाली आहे, आणि आपल्या मोबाईलांना बहुधा तीच मिळते. तींत एकाच आळीच्या वांट्याला १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ घरें येतात. सेकंदाला दहा लक्ष दारें ठोठावणारा जरी नेमला तरी ही एक आळी संपविण्यास त्याला सुमारें पांच लक्ष चौऱ्याऐंशी हजार वर्षें लागतील. तेव्हां तेथें क्रमांकामागून क्रमांक घेऊन दारोदार फिरण्याचा नाद सोडावा लागतो. 'जे कोणी जागे असाल त्यांनीं ओ द्या' अशी सर्वांस मिळून एकच हांक मारावी लागते, बरींच यंत्रें तिलाही उत्तर देत नाहींत, आणि मग पेटीजवळ बसून कोण कोणाशीं बोलतो तें ऐकत राहावें लागतें.